हमाली कोण लिहिणार?

तुमचा शेवटचा 'दोन मिनिटांचा' कॉल किती वेळ चालला होता? खरं सांगा. चाळीस मिनिटं? तासभर? आणि तो त्या दिवशीच्या टाइमशीटमध्ये टाकलात का? नाही ना? मग या आठवड्याचं हे पान तुमच्यासाठीच.

माझी एक शाळेपासूनची मैत्रीण आहे. मूळची लोणंदची, सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यातली. पालखीच्या वाटेवरचं गाव म्हणून लोणंद तुम्हाला माहीत असेल. नीरा स्नान झालं की माउलींचा मुक्काम तिथेच. एरवी मात्र बाहेरच्या माणसाला लोणंद म्हटलं की कांद्याचा बाजार आठवतो. तर ही आमची मैत्रीण हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत सीनियर इंजिनीअर. कंपनीचं नाव छापायचं नाही, या अटीवर बोलली. आणि मग भरपूर बोलली.

तिचा दिवस साधारण असा. सकाळी दहाला ऑफिस. संध्याकाळी बाकीचं पुणं घरी निघतं, तेव्हा तिचा क्लायंट कामावर येतो. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे, म्हणजे त्यांचे सकाळचे साडेनऊ ते आपले संध्याकाळचे सात. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे सरकतात आणि तोच कॉल इकडे आठवर जातो. "थंडी आलेली मला कॅलेंडरच्या इनव्हाइटवरून कळते," असं ती म्हणते. कॉल संपला की एक 'छोटासा' बदल येतो. बदल खरंच छोटा असतो, फक्त तो उद्या सकाळपर्यंत हवा असतो.

आता कोणी म्हणेल, मग सोड ना नोकरी. पण तिला काम आवडतं. रिलीजच्या रात्री अख्खी टीम जागी असते, पिझ्झा येतो, पहाटे सगळं सुरळीत चालू होतं, त्याची एक वेगळीच मजा असते. फ्लॅटचा हप्ता याच पगारातून जातो, धाकट्या भावाची फी याच पगारातून गेली. मेहनतीला तिची ना नव्हतीच कधी. तिला प्रश्न पडला तो वेगळाच. आणि तो पाडला तिच्या वडिलांनी.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि हजारो आयटीवाल्यांसारखी तीही लॅपटॉप घेऊन गावी गेली. मुलगी ऑफिसात नेमकं काय करते, हे घरच्यांनी पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिलं. रात्री अकराला पोरगी अजून हेडफोन लावून बसलेली. एकदा वडिलांनी न राहवून विचारलं, "काय गं, ह्या रात्रीचं येगळं मिळतं का?"

"नाही दादा, ते पगारातच धरलेलं असतं."

"धरलंय कुणी? लिवलंय का कुठं?"

ती गप्प झाली. कारण दादांच्या घरात लिहिलेला कागद होता. कांदा बाजार समितीत घातला की शेतकऱ्याच्या हातात आडत्याची हिशोबपट्टी पडते. वजन किती, भाव काय, रक्कम किती. आणि त्याखाली खर्च: हमाली, तोलाई, वाराई. शेतकरी त्या कपातीवर चरफडतो, ती गोष्ट वेगळी. पण गोणी कोणी उचलली आणि त्याचे किती झाले, हे त्या कागदावर असतं. पाठीवरच्या ओझ्याला तिथे स्वतःची ओळ आहे.

ही ओळ काही कोणी प्रेमाने दिलेली नाही. याच सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळे गावचे अण्णासाहेब पाटील मुंबईत हमालांचे नेते झाले. तेव्हा हमालाला ठराविक मालकच नसायचा. आज या व्यापाऱ्याचा माल, उद्या त्याचा. मग रजा, फंड, औषधपाणी कोणाकडे मागायचं? त्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा आला. कामगाराची नोंद मंडळाकडे, मालकाने पैसे भरायचे मंडळाकडे आणि तिथून मजुरी, फंड आणि बाकीच्या सोयी. ज्यांच्यातल्या कित्येकांना सही करता येत नव्हती, त्यांनी आपल्या कामाची नोंद ठेवायला लावली. आपण तर पदवीधर!

आता आपली सॅलरी स्लिप उघडा. बेसिक, एचआरए, पीएफ, प्रोफेशनल टॅक्स. रात्रीच्या कॉलची ओळ सापडली का?

गंमत म्हणजे मोजमापात आपल्या कंपन्या अजिबात कच्च्या नाहीत. टाइमशीट म्हणजे मुळात क्लायंटचं बिल. 'टाइम अँड मटेरियल' प्रोजेक्ट असेल, तर तुमचे तास गुणिले तुमचा दर, असं ते बिल जातं. 'फिक्स्ड प्राइस' असेल, तर कंपनीने आधीच रक्कम सांगितलेली असते. डील मिळावं म्हणून एस्टिमेट कमी धरलं, तर तो खड्डा टीमच्या रात्रींनी भरला जातो. मग कागदावर आठ तास आणि प्रत्यक्षात अकरा. जून २०२५ मध्ये टीसीएसने नियम केला की वर्षात निदान २२५ दिवस बिलेबल असायला हवेत आणि बेंचवर जास्तीत जास्त ३५ दिवस. म्हणजे तुम्ही रिकामे बसलेला दिवस अगदी बरोबर मोजला जातो. जास्त बसलेली रात्र मोजायलाच तेवढं कोणी नसतं.

मधल्या काळात तासांवरून काय धुरळा उडाला, आठवतोय? ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तास काम करायला सांगितलं, तर जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीच्या अध्यक्षांचे ९० तास चर्चेत आले. मीम्स झाली, पॅनेल डिस्कशन्स झाली. पण एक साधी गोष्ट राहून गेली. १९८१ मध्ये सात जणांनी पुण्यात इन्फोसिस सुरू केली. त्यांनी दिवसरात्र एक केली असणारच. पण त्यांच्या तासांची नोंद झाली होती, शेअर्सच्या रूपात. तुमच्या-माझ्या ७० तासांची नोंद कुठे होणार, एवढंच विचारायचंय.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ आयटी कंपन्यांनाही लागू आहे. त्यात दिवसाला नऊ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली गेली. त्यापुढच्या कामाला दुप्पट दर. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा दहा तासांवर आणि तीन महिन्यांतल्या ओव्हरटाइमची मर्यादा १२५ वरून १४४ तासांवर न्यायला मंजुरी दिली. पळवाट आहे ती व्यवस्थापकीय आणि देखरेखीच्या पदांची. ती पदं यातून वगळलेली आहेत. पण कार्डावर 'लीड' छापलं म्हणून कोणी मॅनेजर होत नाही. तुम्ही दिवसभर कोड लिहिता की माणसं सांभाळता, ते बघावं लागतं.

कामानंतर फोन न उचलण्याच्या हक्कासाठीही प्रयत्न झालेत. लोणंदहून नीरा नदी ओलांडली की बारामती मतदारसंघ लागतो. तिथल्या खासदार सुप्रिया सुळे यांनी 'राइट टू डिस्कनेक्ट'चं खासगी विधेयक आधी आणलं होतं, डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत पुन्हा मांडलं. खासगी विधेयकांचा कायदा होणं आपल्याकडे जवळपास अशक्यच. फ्रान्समध्ये मात्र हा हक्क २०१७ पासून आहे, ऑस्ट्रेलियात २०२४ पासून.

तोपर्यंत काय करायचं? मैत्रिणीने जे केलं, ते सांगते. दादांच्या त्या प्रश्नानंतर तिने एक साधी वही घातली. तारीख, कॉल कधी सुरू झाला, कधी संपला, काम कोणी सांगितलं. बस्स. महिनाअखेरीस बेरीज केली, तर कामाचे सहा दिवस जास्तीचे भरले होते! ती वही घेऊन ती मॅनेजरकडे गेली. भांडायला नाही, दाखवायला.

सिनेमा असता, तर इथे टाळ्या पडल्या असत्या. प्रत्यक्षात मॅनेजर बराच वेळ वहीच बघत राहिला. तो स्वतःही रात्री बाराला मेल टाकणाऱ्यांतलाच. पुढच्या एस्टिमेटमध्ये त्याने एक माणूस वाढवून मागितला आणि मिळवला. रिलीजनंतर एक कॉम्प-ऑफ सुरू झाला, उशिराचा कॉल आळीपाळीने घ्यायचं ठरलं. ओव्हरटाइमचा एक रुपयाही मिळाला नाही. अप्रेझलमध्ये 'थोडी अधिक फ्लेक्सिबिलिटी हवी' असा शेरा मात्र मिळाला. ती अजून तिथेच आहे, नव्वद दिवसांच्या नोटीस पीरियडचा हिशोब मनात करत.

म्हणजे हरली की जिंकली? मला विचाराल, तर टीममधल्या आणखी चौघांनी वह्या घातल्या, ही यातली सगळ्यात मोठी बातमी. एका वहीला हट्ट म्हणता येतं, पाच वह्यांना तसं म्हणणं जड जातं.

तेव्हा आज रात्री 'दोन मिनिटांचा' कॉल आला, तर जरूर घ्या. काम आपलंच आहे. फक्त फोन ठेवल्यावर वेळ लिहून ठेवा. ओझं तुम्ही उचललंय, तर हमालीची ओळही आधी तुम्हालाच लिहावी लागणार.