शिंगाचा धंदा करायचाय? आधी शिंग कुणाचं ते बघा



परदेशी वेबसाइटवर हरणाच्या शिंगाचे गोल्फ बॉल मार्कर, हिरवळीवरचे खड्डे नीट करायची डिव्हॉट टूल्स बघितलीत की डोक्यात येतं, "आपल्या सह्याद्रीत सांबर आहे, शिंगं आपोआप गळतात, कच्चा माल फुकट. करूया सुरू?"

नाही करायचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गळून पडलेलं शिंगसुद्धा सरकारची मालमत्ता आहे. विकणं सोडाच, परवानगीशिवाय घरात ठेवणंही गुन्हा. "जंगलात सापडलं हो" हे कुणी ऐकून घेत नाही. परदेशात चालतं, कारण तिथला कायदा वेगळा.

म्हणून शिंगकाम आपलं नाही असं नाही बरं का. विजयदुर्गला गव्याच्या शिंगाच्या शोभेच्या वस्तू बनायच्या, ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरमध्ये तशी नोंद आहे. आज गवाही संरक्षित आहे, तोही रस्ता बंद. उरतं म्हशीचं शिंग. माझ्या मते गोल्फसाठी तेच बरं. सांबराचं शिंग म्हणजे हाड, ते जसं असेल तसंच कापावं लागतं. म्हशीचं शिंग आपल्या नखाच्या जातीचं. गरम केलं की मऊ होतं, दाबून सपाट पत्रा करता येतो. बॉल मार्करला हवी तीच पातळ चकती! घासताना मास्क लावा, धूळ वाईट. आणि वास? केस जळल्यासारखा. शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

टी मात्र लाकडाचीच करा. सावंतवाडीला कातकाम आणि लाखेचे रंग आहेतच. नियमानुसार टी चार इंचांपेक्षा लांब नको, एवढं कारागिराला सांगा.

गिऱ्हाईक तारकर्लीच्या किनाऱ्यावर शोधू नका. तिथे माणूस स्कूबाला येतो. चेंबूरचं प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब, येरवड्याचं पूना गोल्फ क्लब अशा ठिकाणी स्पर्धा भरवणाऱ्या कंपन्यांना भेटवस्तू लागतात. चार मार्कर, दहा टी, एक लाकडी डबी असा संच घेऊन त्यांच्याकडे जा.

आता कंटाळवाणी पण महत्त्वाची गोष्ट. तयार चकती बघून म्हैस की गवा हे नुसत्या डोळ्यांनी ओळखणं कठीण. म्हणून शिंग घ्याल तेव्हा पक्कं बिल घ्या, त्यावर "म्हशीचं शिंग" लिहून घ्या, बिलं वर्षवार लावून ठेवा. लेबलवरही तेच छापा. खप वाढेल म्हणून "हरणाच्या शिंगासारखं" असं काही छापलंत, तर पार्सल अडलं की समजावत बसाल.