पाहुण्यांना साधा मंगळवार दाखवा

दिवाळीचा फराळ संपत आला की आमच्या डोंबिवलीच्या घरी फोन सुरू होतात. जळगाव, नाशिक, अकोला. "थंडीत येऊ म्हणतोय मुंबईला. काय काय असतं रे तेव्हा?" (थंडी हा शब्द ऐकून मी आदराने गप्प बसतो. आमच्याकडे पारा 17 वर आला की लोक माकडटोप्या काढतात. जळगावकर त्याला 'बरी हवा आहे' म्हणतात.)

मग मी यादी वाचून दाखवायचो. डिसेंबरात माहीमची जत्रा, जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मॅरेथॉन, मग काळा घोडा, शिवडीच्या खाडीत फ्लेमिंगो, शिवाय नाटकं आहेतच. आणि शेवटी ठरलेला सल्ला, "काळा घोडा महोत्सव चालू असेल तेव्हाच ये, एका फेरीत सगळं उरकतं."

हा सल्ला मी आता मागे घेतलाय. का, ते सांगतो. मावशी हे वाचणार आहे, त्यामुळे खोटं लिहायची सोय नाही.

मावशी जळगावला एका शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवायची. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला तिने बसवलेली पोरं, आता टक्कल पडलेली, अजून रस्त्यात वाकून नमस्कार करतात. मुंबईत तिला एकच गोष्ट करायची होती. जहांगीर आर्ट गॅलरीत निवांत चित्रं बघायची. कॉलेजात असताना सहलीबरोबर आली होती, तेव्हा बाहेरूनच बघून परत फिरली, कारण बस सुटत होती.

2023 च्या फेब्रुवारीत मी तिला बोलावलं. महोत्सव 4 ते 12 असा होता, आणि मला सुट्टी रविवारचीच. तेव्हा रविवार ठरला. रविवारी लोकल कमी असतात हे डोंबिवलीत जन्म गेलेल्या माणसाला मी काय सांगू! कल्याणहून भरून आलेल्या गाडीत कशीबशी चढलो. सीएसएमटीहून टॅक्सीने निघालो, तर पुढे रस्ते बंद, म्हणून अलीकडेच उतरून चालत. महोत्सवाच्या रस्त्यावर पोचलो तेव्हा तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. उत्साही मंडळी मांडणशिल्पांपुढे उभी राहून आपापले फोटो काढत होती. मावशी प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या फोटोत येऊ नये म्हणून थांबायची, मागे सरायची, "जाऊ दे त्यांना" म्हणायची. असं थांबत-सरत जहांगीरच्या पायऱ्यांपर्यंत गेलो तेव्हा दोन तास झाले होते आणि तिचा गुडघा सुजला होता. ती पायरीवर टेकली. वर बघून म्हणाली, "आता नको रे. घरी जाऊ."

म्हणजे पुन्हा बाहेरूनच.

आता महोत्सवाला नावं ठेवायची नाहीत हं मला. 1999 पासून तो भरतो, नऊ दिवस चालतो, बहुतेक कार्यक्रम फुकट असतात, आणि गाड्यांचा रस्ता नऊ दिवस का होईना पायी चालणाऱ्यांच्या ताब्यात येतो. मुंबईत याहून मोठी चैन नाही. माझा पुतण्या जातो, चार मित्रांबरोबर गर्दीत घुसतो, रात्री घसा बसवून परत येतो. त्याला गर्दीच हवी असते. पण हा महोत्सव खरा त्याचा, जो आज तासभर जाऊ शकतो आणि आवडलं तर परवा पुन्हा. चारशे किलोमीटरवरून एकदाच येणाऱ्या माणसाला आपण त्या रविवारी तिथे नेतो तेव्हा आपण त्याला मुंबई दाखवत नाही, आपली सोय बघतो. मी बघितली. सुट्टी माझी, रविवार माझा, आणि 'बघ किती काय काय असतं आमच्याकडे' ही फुशारकीही माझीच.

तिच्यासाठी हवा होता साधा मंगळवार. जहांगीरमधली प्रदर्शनं साधारण मंगळवारी उघडतात आणि पुढच्या सोमवारी उतरतात. सकाळी 11 नंतर गेलं तर नव्याने लावलेल्या चित्रांशेजारी स्वतः चित्रकार बसलेला असतो. अभिप्रायाची वही कोरी असते, आणि कोणी 'हा रंग कसा काढलात?' असं विचारलं तर तो उठून उभा राहतो. असा प्रश्न विचारणारी बाई मी रविवारच्या गर्दीत नेली! समोरच राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, ते सोमवारी बंद, मंगळवारी उघडं. ऑक्टोबर 2025 पासून भुयारी मेट्रो थेट कफ परेडपर्यंत धावते. सीएसएमटीहून हुतात्मा चौक एकच स्टेशन. रस्ते बंद असण्याचा प्रश्न नाही, मेगाब्लॉक नाही.

महोत्सवच गाठायचा असेल तर निदान मधला वार धरा, आणि तिकीट काढण्याआधी तारखा बघा. कायम फेब्रुवारीच असतो असं नाही. 2025 ला तो 25 जानेवारीलाच सुरू झाला होता.

त्या दिवशी परत येताना, टॅक्सीत काहीतरी बोलायचं म्हणून मी तिला घोड्याची गोष्ट सांगितली. ज्याच्यावरून हे नाव पडलं तो काळा घोडा म्हणजे सातव्या एडवर्ड राजाचा अश्वारूढ पुतळा. 1965 मध्ये तो तिथून हलवला. पुढची पन्नासहून जास्त वर्षं काळ्या घोड्याला घोडाच नव्हता. महोत्सवही घोड्याशिवाय सुरू झाला. 2017 मध्ये तिथे नवा घोडा बसवला, त्याच्यावर स्वार कोणी नाही. जुना घोडा राजासकट भायखळ्याला राणीच्या बागेत उभा आहे.

मावशी तेवढ्यापुरती गुडघा विसरली. म्हणाली, "घोडा काढणं फार अवघड. पोरं पाय गाईचे काढतात."

ती या जानेवारीत पुन्हा येतेय. गाडी सोमवारी सकाळी पोचते, बरोबर भरताची वांगी असणार. मी मंगळवारची रजा टाकलीय. (साहेबांनी कारण विचारलं, मी 'घरगुती' लिहिलं.) एक दिवस, एक गॅलरी, मधे बसून चहा. यादी केलेली नाही.

काल तिचा फोन आला होता. "अरे, ती राणीची बाग बुधवारी उघडी असते का?"

"बुधवारी बंद असते, मावशी."

"मग गुरुवारी जाऊ. स्केचबुक घेतलंय मी. आणि एक घडीचं स्टूल तेवढं बघून ठेव."