अनलिमिटेडची पाटी आणि रात्री आठचे नेट



आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी अभ्यासिका चालते. दोन वर्षांपूर्वी वर्गणी काढून आम्ही तिथे वायफाय घेतले. महिना 499 रुपये, 100 एमबीपीएस, अनलिमिटेड. पहिले काही महिने नेट पाण्यासारखे पळत होते. मग त्याच दरात गल्लीगल्लीत वायरी गेल्या, घरटी जोडणी झाली. आता रात्री आठ वाजले की गोल चकरी फिरायला लागते ती अकरापर्यंत.

गेल्या वर्षी शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख होती. बारावीतली एक मुलगी जातीचा दाखला अपलोड करत बसली होती. आईबरोबर दिवसभर काम करून ती संध्याकाळीच येऊ शकत होती. चार वेळा फाईल अडकली. बारा वाजले आणि लिंक बंद झाली. तिचा वर्षाचा हक्क गेला. दुसऱ्या दिवशी पुरवठादाराला फोन केला तर उत्तर मिळाले, "ताई, पोरं रील बघतात, मग नेट अडकणारच."

हे उत्तर नीट समजून घ्या. कारण आपल्यातले अनेक कार्यकर्तेही तेच बोलतात.

हिशोब साधा आहे. समजा एका पुरवठादाराने वरून 1 जीबीपीएसची लाईन घेतली, म्हणजे 1000 एमबीपीएस. त्यातून त्याने 50 घरांना शंभर-शंभर एमबीपीएस विकले. विकले 5000, हातात 1000. यात लगेच लबाडी नाही. सगळे एकाच वेळी नेट वापरत नाहीत, म्हणून जगभर असेच चालते. पण तीच लाईन ठेवून त्याने 500 घरे जोडली, तर सगळे बसल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला 2 एमबीपीएस येतात. 700 घरे जोडली तर दीडही उरत नाहीत. भारत सरकारने जानेवारी 2023 मध्ये ब्रॉडबँडची किमान मर्यादा 2 एमबीपीएस ठरवली आहे. म्हणजे त्या वेळेला तुमच्या घरात येते त्याला कायद्याच्या भाषेत ब्रॉडबँड म्हणता येत नाही. बिल मात्र शंभरचे येते.

नवे गिऱ्हाईक जोडले की पैसा लगेच येतो. लाईन वाढवली की पैसा लगेच जातो. या दोन गोष्टींमधले अंतर कोण भरून काढतो? रात्री आठ वाजता चकरीकडे बघत बसलेला विद्यार्थी.

हा प्रकार नवा नाही आणि छोट्या केबलवाल्यापुरताही नाही. अमेरिकेत अमेरिका ऑनलाइन ही त्या काळची सर्वांत मोठी कंपनी तासावर पैसे घेत असे. डिसेंबर 1996 पासून तिने महिना 19.95 डॉलरमध्ये हवे तेवढे नेट देऊ केले. लोक तासन्‌तास जोडलेले राहू लागले. फोन लाईनी आणि मोडेम तेवढेच होते. लाखो ग्राहकांना नंबर फिरवला की एंगेज टोन ऐकू येऊ लागला. कंपनीच्या प्रमुखांनी ग्राहकांनाच गर्दीच्या वेळी कमी वापरा अशी विनंती केली. पण तिथल्या तीसहून अधिक राज्यांचे महाधिवक्ते मध्ये पडले आणि जानेवारी 1997 च्या अखेरीस कंपनीला पैसे परत देण्याचे कबूल करावे लागले. कंपनीने जाहिराती आवरत्या घेतल्या आणि क्षमता वाढवण्यावर कोट्यवधी डॉलर लावले. तिथे कोणी ग्राहकाला म्हटले नाही की स्वस्तात मिळते ना, मग गप्प बसा. कबूल केले ते द्या, असे कंपनीला सांगितले गेले.

आता यावर दोन आक्षेप येतील.

पहिला शहाण्या अर्थतज्ज्ञांचा: सपाट दर हीच चूक आहे, जो जास्त वापरेल त्याने जास्त भरावे. ऐकायला न्याय्य वाटते. पण मीटर लागला की सगळ्यात आधी कोण हात आखडता घेतो? ज्याच्या घरी महिन्याचा हिशोब शंभर-शंभर रुपयांनी लागतो तो. त्याच्या घरातली मुलगी व्याख्यान अर्ध्यावर बंद करेल. बंगल्यातला मुलगा बंद करणार नाही. सपाट दराने पहिल्यांदा आपल्या पोरांना घड्याळ न बघता शिकता आले. तो दर आपण सोडायचा नाही.

दुसरा आक्षेप आपल्याच लोकांचा: रोजगार, घर, अत्याचार असे प्रश्न सोडून नेटचे काय घेऊन बसलात? पण आज नोकरीची जाहिरात नेटवर, अर्ज नेटवर, हॉल तिकीट नेटवर, निकाल नेटवर. लॉकडाऊनमध्ये शाळाच नेटवर होती. केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2019 मध्ये फहीमा शिरीन या विद्यार्थिनीच्या खटल्यात इंटरनेटची उपलब्धता शिक्षणाच्या हक्काचा भाग मानली. मग हा चैनीचा विषय कसा?

इथे मला महाड आठवते. चवदार तळ्यावर झालेल्या अपमानाची आणि हल्ल्याची बरोबरी नेटच्या चकरीशी करण्याचा मूर्खपणा मी करणार नाही. पण एक धडा तिथला आहे. बोले ठराव 1923 चा. महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव 1924 चा. तरी 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांना हजारो लोकांसह तळ्यावर जावे लागले, कारण कागदावरचा हक्क ओंजळीत येत नव्हता. अनलिमिटेड हा शब्दही आज कागदावरचाच आहे.

आणि बाबासाहेबांचा दुसरा धडा विजेचा. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना विजेच्या धोरणाची आखणी त्यांच्या खात्याकडे होती. वीज मुबलकही हवी आणि स्वस्तही हवी, ही त्यांची भूमिका होती. नुसती स्वस्त नव्हे. पुढे 1947 च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे मांडले. आज इंटरनेट हा तसाच मूलभूत उद्योग आहे आणि तो जवळजवळ पूर्ण खासगी हातात आहे. केरळ सरकारने 2023 मध्ये के-फोन हे स्वतःचे फायबर जाळे सुरू करून गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचे धोरण घेतले. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव उठताबसता घेणाऱ्या महाराष्ट्रातल्या पक्षांनी त्यावर आपली भूमिका सांगावी.

पण सरकारची वाट बघत बसायचे नाही. प्रत्येक वस्तीत हे करा.

पंधरा दिवस रोज रात्री आठ ते दहा या वेळेत ट्रायच्या मायस्पीड ॲपवर वेग मोजा आणि वहीत लिहा. किमान दहा घरांनी मिळून मोजा. मग पुरवठादाराकडे लेखी विचारा: वरची लाईन किती, जोडण्या किती, गर्दीच्या वेळी किमान वेग किती देणार? तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या. दाद लागली नाही तर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. तिथेही नाही लागली तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. दूरसंचार कंपन्यांविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये स्पष्ट केले आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही.

आम्ही वही सुरू केली आहे. पहिल्याच रात्री नऊ वाजता आकडा आला 1.3. तो लिहिला त्याच मुलीने, जिचा अर्ज राहिला होता. पोरं रील बघतात म्हणून नेट अडकते, असे आता तिला कोणी सांगून बघावे.

जयभीम! जय संविधान!