टायमरला वेळ कुठे कळते?

कोळंबीचं पिल्लू अंड्यातून बाहेर येतं ते शिदोरी घेऊनच. अंड्यातला बलक त्याच्या अंगात साठलेला असतो. दीड-दोन दिवस त्याचं त्यावर भागतं. या पिल्लाला नॉप्लियस म्हणतात. मग शिदोरी संपते, पिल्लाचं रूप पालटतं आणि ते खायला मागू लागतं. आता त्याचं नाव झोइया. त्याला भरवायचं काय? मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढं बारीक शेवाळ! तेही ताजं आणि अगदी वेळेवर. शेवाळ तयार नसेल तर झोइया थांबत नाही, उपाशी मरतो.

म्हणून कोळंबीचं बीज तयार करणाऱ्या प्रत्येक केंद्रात शेवाळाची एक वेगळी खोली असते. रत्नागिरीजवळ शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. मासे-कोळंबीची पिल्लं कशी वाढवायची, हे तिथे शिकवतात. शेवाळाची खोली कशी असते म्हणाल, तर फळ्यांवर ओळीनं काचेचे चंबू मांडलेले असतात, मागे ट्यूबलाइट, आणि प्रत्येक चंबूत हवेची बारीक नळी बुडबुडे सोडत असते. कुठे पाणी पोपटी, तर कुठे फिकट तपकिरी. तपकिरी चंबूत बहुधा कीटोसेरॉस नावाचं शेवाळ असतं. ते झोइयाचं आवडतं खाणं.

या खोलीत सूर्य म्हणजे ती ट्यूबलाइट. हा सूर्य उगवायचा कधी आणि मावळायचा कधी, हे ठरवतो भिंतीवरचा एक छोटासा डबा, म्हणजे टायमर. शेवाळाच्या काही जाती सतत उजेडातही वाढतात, काहींना मधे अंधार मानवतो. अशांसाठी बारा तास उजेड आणि बारा तास अंधार असं वेळापत्रक लावतात. पण टायमरनं दगा दिला आणि चंबू दोन दिवस काळोखात राहिले, तर शेवाळाची वाढ थांबते. तिकडे झोइया तोंड उघडून बसलेला!

आता टायमर चुकतो कसा, ते बघू.

जुन्या पद्धतीच्या टायमरवर एक गोल चकती असते. तिच्या कडेला ९६ दाते, म्हणजे पाव तासाला एक दाता. चोवीस तासांत चकतीची एक फेरी पुरी होते. तिला फिरवणारी छोटी मोटर विजेच्या तालावर चालते. आपल्या घरातल्या विजेचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा मागे-पुढे होतो. मोटर हेच हेलकावे मोजत राहते. खरी गंमत इथेच आहे. टायमरला वेळ कळत नाही, तो फक्त मोजतो!

पूर्वी लग्नाचा मुहूर्त घटिकापात्रानं काढत. तांब्याची वाटी, तिच्या तळाला बारीकसं भोक. पाण्यावर ठेवली की ती हळूहळू भरते आणि बुडते. एकदा बुडली की झाली एक घटिका, म्हणजे २४ मिनिटं. अशा ६० घटिकांचा एक दिवस. पण वाटी बुडाली आणि गुरुजींना डुलकी लागली तर? वाटी तळाशी तशीच पडून राहणार, आणि मुहूर्त केव्हाच टळून जाणार! चकतीच्या टायमरचंही तसंच. वीज गेली की तो डुलकी घेतो. वीज आली की जिथे थांबला होता तिथून पुढे चालू, जणू मधे काही घडलंच नाही.

आणि कोकणात वीज जायला निमित्त हवंच कुठे! पावसाळ्यात एखादी फांदी तारेवर पडली की झालं. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर तर दापोली-मंडणगडकडच्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती.

समजा, रोज दुपारी फक्त ४० मिनिटं वीज जाते. सहा दिवसांत टायमर २४० मिनिटं मागे पडला, म्हणजे चार तास! सकाळी सहाला लागायचा दिवा आता दहाला लागणार.

दुसरा प्रकार आकड्यांच्या टायमरचा. त्याच्या पोटात बारीक बॅटरी असते, त्यामुळे वीज गेली तरी त्याचं घड्याळ चालू राहतं. मग प्रश्न मिटला? छे! ती बॅटरी काही वर्षांनी दम तोडते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. पुढच्या वेळी वीज जाऊन आली की काही टायमर शून्यापासून मोजू लागतात. खरे वाजलेले असतात दुपारचे तीन, टायमर म्हणतो मध्यरात्र!

आता एक कोडं. बारा तास उजेड द्यायचा आहे आणि भर दुपारी ४० मिनिटं वीज गेली. कुठल्या टायमरच्या चंबूंना जास्त उजेड मिळेल? पुढे वाचण्याआधी जरा विचार करा.

आकड्यांचा टायमर ठरलेल्या वेळीच दिवा बंद करणार, म्हणून उजेड मिळाला ११ तास २० मिनिटं. चकतीचा टायमर मात्र दिव्याबरोबरच थांबला होता, त्यामुळे तो दिवा ४० मिनिटं उशिरा बंद करणार आणि उजेड पुरा बारा तास भरणार! म्हणजे एकानं वेळ पाळली पण उजेड बुडवला, दुसऱ्यानं उजेड दिला पण वेळ चुकवली. म्हणूनच नुसते उजेडाचे तास मोजून भागत नाही. दिवा लागला कधी आणि विझला कधी, हेही बघावं लागतं.

तिसरी चूक सगळ्यांत फसवी. टायमरच्या आत दिवा चालू-बंद करणारी धातूची दोन टोकं असतात. चालू करताना त्यांच्यात बारीक ठिणगी उडते. एकाच टायमरवर खूप दिवे जोडले तर ही टोकं तापून एकमेकांना चिकटतात. त्यात समुद्राकाठची खारट, दमट हवा टोकांना गंजवते. टोकं चिकटली तर दिवा विझतच नाही. गंजली तर लागतच नाही. टायमरवरची वेळ मात्र अगदी बरोबर दिसते!

न विझणाऱ्या दिव्यानं काय बिघडतं? शेवंतीच्या बागायतदाराला विचारा. शेवंतीला कळी धरायला लांबलचक, अखंड रात्र लागते. गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली दाखवून दिलं, की दिवस-रात्रीच्या लांबीवर कित्येक झाडांचं फुलणं ठरतं. पुढे १९३८ मध्ये हॅमनर आणि बॉनर यांनी झँथियम नावाच्या एका रानटी झाडाच्या रात्रीत मधेच थोडा वेळ दिवा लावला. झाड फुललंच नाही! शेवंतीच्या बागेत रात्री नको असलेला दिवा चालू राहिला, तर सण येतो आणि जातो, झाडाला पानंच पानं.

मग उपाय काय? खोली सांभाळणारी अनुभवी माणसं काही साध्या गोष्टी करतात. दिवा लागण्याची आणि विझण्याची वेळ माणसं हजर असतानाच ठेवतात, पहाटे तीनला नाही. सगळे चंबू एकाच टायमरवर सोपवत नाहीत. दोन मांडण्या, दोन टायमर, म्हणजे एक फसला तरी निम्मं शेवाळ हाताशी राहतं. बियाण्याचे चंबू वेगळ्या जागी जपतात. दिव्यांचा भार टायमरवर न टाकता कॉन्टॅक्टर नावाच्या दणकट स्विचवर टाकतात. टायमर त्याला नुसता इशारा देतो. हे काम अर्थातच वायरमनचं. तुम्ही मात्र त्या डब्यात हात घालायचा नाही, बरं का!

आणि शेवटचा उपाय फुकटातला: दाराशी टांगलेली वही आणि पेन्सिल. खरी वेळ, टायमरवरची वेळ, दिवा चालू की बंद. रोज दोनदा या तीन नोंदी. घटिकापात्राची पहिली वाटीही रोज सूर्योदय बघूनच पाण्यावर सोडत. मोजणाऱ्याला अधूनमधून खऱ्या वेळेशी जुळवून घ्यावंच लागतं.

करून बघा: प्लॅस्टिकच्या छोट्या वाटीला तळाशी मोठ्यांकडून बारीक भोक पाडून घ्या. बादलीत ती दहा वेळा बुडवा आणि प्रत्येक वेळी किती सेकंद लागले ते लिहा. दहाही आकडे सारखे आले का? वाटी उचलायला तुम्हाला किती उशीर झाला, तेही प्रामाणिकपणे लिहा!

डोकं चालवा: विजेचे हेलकावे दिवसभर ५० ऐवजी ४९.९ राहिले, तर चकतीचा टायमर २४ तासांत किती मागे पडेल? (उत्तर: सुमारे १७३ सेकंद. कसं ते तुम्ही काढा.)