रिपोर्ट अण्णांचा, गुपित आमचं!

तर झालं असं, की सोमवारी परभणीच्या लॅबमधून अण्णांचा पीएसए रिपोर्ट माझ्या मोबाईलवर आला. ०.२१. तीन महिन्यांपूर्वी ०.०८ होता. कॅन्सरसाठी प्रोस्टेट काढून दोन वर्षं झालीत. पाचव्या मिनिटाला ताईचा फोन, "अण्णांना काही सांगू नकोस हं, उगाच टेन्शन घेतील." मग काका, मग मावशी, मग भावजी. सगळ्यांना आकडा माहीत. ज्याच्या रक्तातला आकडा, तो सोडून!

मंडळी, ह्याला आपण प्रेम म्हणतो. माझ्या मते हा शुद्ध पळपुटेपणा आहे. अण्णांचं टेन्शन आपल्याला बघवणार नाही, म्हणून आपण गप्प.

आधी आकड्याचं बघू. प्रोस्टेट काढल्यावर पीएसए जवळपास शून्यावर यायला हवा. तो ०.२ किंवा जास्त आला आणि पुन्हा तपासल्यावरही तसाच आला, तर आजार परतल्याचं धरतात. म्हणजे एका रिपोर्टवर निकाल नाही. आणि निकाल लागला तरी ती फाशी नाही. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी १९९९ साली ऑपरेशननंतर पीएसए वाढलेल्या ३०४ पुरुषांचा अभ्यास मांडला. आकडा वाढल्यापासून आजार शरीरात दूर पसरेपर्यंतचा मध्यक काळ होता ८ वर्षं. काहींत लवकर, काहींत खूप उशिरा. आकडा किती दिवसांत दुप्पट होतो ह्यावर बरंच ठरतं. मात्र रेडिएशन द्यायचं झालं तर आकडा लहान असतानाच त्याचा उपयोग जास्त. लपवालपवीत नेमका हाच वेळ जातो.

"पण खेड्यातला माणूस, त्याला झेपेल का?" आता बघा. मानवत तालुक्यातली कोरडवाहू जमीन. हा माणूस चाळीस वर्षं कर्ज काढून सरकी नि सोयाबीन पेरतोय, पावसाची गॅरंटी नसताना. त्याला अनिश्चितता झेपणार नाही, आणि एसीत बसून सर्व्हर डाऊन झाला की ज्यांची झोप उडते, त्या आपल्याला झेपणार?

एखाद्याला खरंच ऐकायचं नसेल, तर तो त्याचा हक्क. पण निदान विचारा तरी!

शनिवारी गावी गेलो आणि सांगून टाकलं. अण्णा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "पाच दिवस झाले, समदे फोनवर गोड बोलायलेत. मला काय कळत नाही का?" ज्या वहीत पावसाची नोंद करतात, तीच काढली आणि तारखेसकट आकडा लिहिला.

रात्री झोप दोघांनाही नव्हती, हे खरं. पण पुढचं रक्त त्याच लॅबमध्ये द्यायचं आणि रिपोर्ट घेऊन देवगिरीने मुंबईला दाखवायला जायचं, हे त्यांनीच ठरवलं. मी फक्त तिकिटं काढली.

असो. तुमच्याही मोबाईलमध्ये असा एखादा रिपोर्ट दडवलेला असेल, तर आजच फोन लावा. ताईला नाही, बाबांना.