पोप नसल्याची सबब

मुसलमानांच्या सुधारणेचा विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. पहिलं बाहेरून येतं : 'ख्रिश्चनांनी व्हॅटिकनमध्ये परिषद भरवून स्वतःला बदललं, तुम्ही का बदलत नाही?' दुसरं आपल्याच लोकांचं असतं : 'आमच्यात पोप नाही, चर्च नाही. मग परिषद भरवणार कोण?' पहूरच्या चहाच्या टपरीवरही ही दोन्ही वाक्यं चालतात. पहिल्यामागे हेटाळणी असते, दुसऱ्यामागे आळस. त्या परिषदेत नेमकं काय घडलं, हे मात्र दोघांनीही पाहिलेलं नसतं.

दुसरी व्हॅटिकन परिषद ११ ऑक्टोबर १९६२ला सुरू झाली आणि ८ डिसेंबर १९६५ला संपली. जगभरातले दोन हजारांहून जास्त बिशप रोमला जमले. मुंबईचे कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशियसही त्यात होते. पोपने हुकूम दिला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षात पहिल्याच सत्रात भांडण पेटलं. मसुदे रोमच्या कचेरीतल्या जुन्या मंडळींनी आधीच तयार ठेवले होते, बिशपांनी फक्त होकार द्यायचा होता. तो त्यांनी दिला नाही. कार्डिनल ओत्ताविआनी हे त्या जुन्या मंडळींचे म्होरके. एकदा वेळ संपली तरी ते बोलतच राहिले, तेव्हा अध्यक्षांनी त्यांचा माईक बंद करायला लावला आणि सभागृहात टाळ्या पडल्या. २० नोव्हेंबर १९६२ला त्यांच्याच गटाच्या एका मसुद्यावर मतदान झालं. चर्चा थांबवावी म्हणणारे १३६८, चालू ठेवा म्हणणारे ८२२. दोन तृतीयांशाला १०५ मतं कमी पडली, म्हणजे नियमाने मसुदा वाचला होता. पण बहुमत कुठे आहे हे आकड्यांतून दिसल्यावर पोप तेविसावे जॉन यांनी दुसऱ्या दिवशी तो मागे घेतला.

म्हणजे पोप होता, तरीही काम मतमोजणीने पुढे गेलं. याच चर्चच्या प्रमुखाने १८६४ साली धर्मस्वातंत्र्याची कल्पना चुकांच्या यादीत घातली होती. १९६५मध्ये त्याच चर्चने धर्मस्वातंत्र्य हा माणसाचा हक्क मानला : बाजूने २३०८, विरोधात ७०. इतर धर्मांविषयीच्या जाहीरनाम्यात आपल्याबद्दलही लिहिलं आहे. मुसलमान एकाच ईश्वराची इबादत करतात, हजरत ईसांना पैगंबर मानतात, बीबी मरियमचा आदर करतात, तेव्हा जुनी वैरं विसरून एकमेकांना समजून घ्यावं, असा त्याचा आशय. त्यावरही मतं मोजली गेली : २२२१ विरुद्ध ८८. ते ८८ जण काफिर ठरले नाहीत. त्यांचा विरोध आकड्यासकट इतिहासात राहिला.

या सगळ्याचं महाराष्ट्रातलं फळ पाहायचं तर वसईला जावं. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं. ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत आली, पण वेदीवरची मिस्सा त्यानंतरही साडेतीनशे वर्षं लॅटिनमध्येच राहिली. घरात मराठी बोली बोलणारा शेतकरी देवळात न कळणारे शब्द ऐकून घरी जायचा. ४ डिसेंबर १९६३ला उपासनेविषयीचा ठराव २१४७ विरुद्ध ४ मतांनी मंजूर झाला, लोकभाषेला दार उघडलं आणि वसईची मिस्सा मराठी झाली. बायबलचं 'सुबोध बायबल' करणारे, हरित वसईसाठी रस्त्यावर उतरणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे परिषदेनंतरच्या पिढीतले धर्मगुरू. जानेवारी २०२०मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

आता 'तुम्ही का बदलत नाही' विचारणाऱ्यांनी एक आठवावं. त्या निवडीच्या वेळी 'पाद्री कशाला हवा' म्हणून ओरड कुणी केली होती? भाषा बदललेला, मराठीत देव मागणारा ख्रिश्चनही ज्यांना चालला नाही, त्यांच्या प्रमाणपत्रासाठी आपण सुधारायचं काही कारण नाही. आणि ती परिषद कुठल्या सरकारने किंवा कोर्टाने बोलावली नव्हती. चर्चने ती स्वतःहून बोलावली.

इथेच आपल्या पुढाऱ्यांना प्रश्न विचारायला हवा : तुम्ही स्वतःहून काय बोलावलंत?

१८ एप्रिल १९६६ला, म्हणजे व्हॅटिकन परिषद संपल्यावर चारच महिन्यांनी, हमीद दलवाईंच्या पुढाकाराने सात मुस्लिम बायका मुंबईत विधानभवनावर मोर्चा घेऊन गेल्या. मागणी साधी होती, तोंडी तलाक थांबवा. दलवाईंची सगळी मतं पटायलाच हवीत असं नाही, मलाही पटत नाहीत. पण त्या सात बायकांना उत्तर द्यायला एकही मजलिस बसली नाही. १९७३मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड स्थापन झालं, ते कायद्याला हात लागू नये म्हणून. त्याच वर्षी अहमदाबादला मुफ्ती अतीकुर रहमान उस्मानी यांच्या अध्यक्षतेखाली उलेमांचं चर्चासत्र भरलं. एका दमात दिलेले तीन तलाक एकच मानता येतील, अशी मांडणी तिथे आलिमांनीच केली. ते किती गावांतल्या इमामांपर्यंत पोचलं? अहमदाबाद खानदेशापासून लांब नाही, पण ती चर्चा आमच्या मशिदीपर्यंत आली नाही.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. सुप्रीम कोर्टात बोर्डाने सांगितलं की एका दमातला तलाक गुनाह आहे, तरी तो लागू होतो. २२ ऑगस्ट २०१७ला कोर्टाने तो तीन विरुद्ध दोन मतांनी रद्द केला आणि २०१९मध्ये नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद सांगणारा कायदा आला. तो कायदा ज्यांनी केला त्यांचा हेतू मला स्वच्छ वाटत नाही. पण एक्कावन्न वर्षं दार लावून बसलेल्यांनी 'बाहेरचे घरात शिरले' म्हणून ओरडावं, हेही पटत नाही.

'शरियत अल्लाहची आहे, ती मतांनी बदलत नाही,' असं उत्तर येईल. मान्य. पण तीन तलाक तीन धरायचे की एक, हा फिकहचा, म्हणजे माणसांनी लावलेल्या अर्थाचा प्रश्न आहे. इब्ने तैमियांनी सातशे वर्षांपूर्वी ते एक मानले, अहले हदीस आजही एकच मानतात, इजिप्तने १९२९मध्ये तसा कायदा केला. मौलाना अशरफ अली थानवींनी हनफी असूनही बायकांच्या सुटकेसाठी मालिकी मताचा आधार घेतला आणि त्यातून १९३९च्या कायद्याला वाट मिळाली. जुम्याच्या खुतब्याचंही तसंच. तो अरबीखेरीज दुसऱ्या भाषेत देता येतो, असं खुद्द इमाम अबू हनिफांचं मत सांगितलं जातं. मराठी शाळेत शिकणारं आमच्याकडचं पोर, सातपुड्याच्या पायथ्याचा तडवी, यांना खुतबा कळावा असं वाटणं बिदअत कशी ठरते?

आपल्याकडे शूरा हा शब्द कुरआनात आहे, इजमा हे शरियतचं एक मूळ आहे. पोप नसणं ही अडचण नसून सोय आहे. कुणा एकाच्या नकाराने आपलं काही अडत नाही. अडतं ते असहमती उघड करायच्या भीतीने. बोर्डाच्या बैठकीतून बाहेर येतो तो 'सर्वसंमत' ठराव. विरोधात कोण होतं, किती होते, त्यांचं म्हणणं काय, हे पहूरच्या मुसलमानाला कधी कळत नाही. व्हॅटिकननेही भाषणं गुप्त ठेवायचा प्रयत्न केला होता, पण ती वर्तमानपत्रांत फुटली आणि नंतर चर्चनेच सगळी छापली.

त्या परिषदेची आरती मला करायची नाही. तिथे बोलावलेल्या २३ बायका फक्त ऐकायला होत्या, एकीलाही मत नव्हतं. कुटुंबनियोजनाचा प्रश्न पोपने सभागृहातून काढून घेतला आणि १९६८मध्ये स्वतःच नकार दिला. बायकांना बाहेर ठेवून झालेली सुधारणा बायकांच्या दाराशीच अडली. ही चूकही आपण त्यांच्याकडूनच शिकून घ्यावी.

म्हणून मागणी बोर्डाकडे आहे, तशी गावच्या जमातीकडेही. निकाहनाम्याचा मसुदा आधी उर्दू आणि मराठीत छापा, मशिदीच्या भिंतीवर लावा, महिनाभर लोकांना बोलू द्या. मग मतं घ्या, विरोधातली मतंही मोजा आणि आकडे जाहीर करा. तलाकचा मामला जमातीपुढे आला की सदर, इमाम आणि चार बुजुर्ग बसतात, आणि जिचा तलाक आहे ती घरी निरोपाची वाट पाहते. तिला त्या बैठकीत बसवा, बोलू द्या आणि तिच्यासारख्या बायकांना मत द्या. यासाठी रोमला जायला नको आणि पोपही लागत नाही. जमातीची पुढची बैठक पुरते.