ट्रंकेच्या झाकणातलं कार्ड

सणाला घरच्यांचा फोटो छापून कार्ड पाठवणं ही साहेबी हौस, असं आपल्यातले बरेच जण म्हणतात. मूळ तिकडचं, हे खरं. 1843 साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी पहिलं छापील नाताळ-कार्ड काढलं, त्यावरही मधोमध मेजवानीला जमलेलं कुटुंबच होतं. पण तमिळनाडूत पोंगलला कार्डं पाठवायची पद्धत कालपरवापर्यंत जोरात होती. ऊस, उतू जाणारं मडकं, बैल, देव. आणि हो, एमजीआर, रजनीकांतही! शिवकाशीच्या छापखान्यांचा तो हंगाम असे. मोबाइल आला आणि हंगाम गेला.

कुंभकोणमला एका तंजावरी मराठी घरी अशी जुनी कार्डं पाहायला मिळाली. त्रावणकोर, इंदूर, बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव 1828 मध्ये याच गावात जन्मले. त्यांच्याच समाजातलं हे घर. तंजावरचं भोसल्यांचं राज्य 1855 ला संपलं, मराठी मात्र स्वयंपाकघरात टिकली. एका कार्डात स्टुडिओत काढलेला घरच्यांचा फोटो चिकटवलेला. खालचा मजकूर तमिळ लिपीत, म्हणून मी सोडून दिला. आजोबांनी मोठ्याने वाचला, तर शब्द मराठी! पोरांची नावं, वयं, कोणाचे दात पडले, कोण चालायला लागलं. माझ्या मते त्या कार्डाची खरी किंमत या चार ओळींत आहे. नुसता फोटो काय, कोणीही काढतो.

फौजी माणसाला हे वेगळं सांगायला नको. 2020 च्या जुलैत फेसबुक, इन्स्टाग्रामसकट 89 अ‍ॅप काढून टाकायचे आदेश आले, तेव्हा घरचे फोटो बघायची एक सोपी वाट बंद झाली. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच होतं. कार्डाला सिग्नल लागत नाही, चार्जर लागत नाही. काळ्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलं की बदलीबरोबर तेही चालतं. शुभेच्छांचे दोनशे फॉरवर्ड कुठल्या ट्रंकेला चिकटवणार?

म्हणून माझा आग्रह संक्रांतीचा आहे. पोंगल आणि संक्रांत एकाच सुमाराला, आणि पाकिटातून तिळगूळ पाठवायची रीत आपल्याकडे होतीच. फोटो घरातलाच असावा. ठेवणीतले कपडे, सोफ्यावर ओळीने बसलेले सगळे, चेहरे गुळगुळीत केलेले, असलं काही नको. आजी चष्मा शोधत असेल तर तशीच येऊ दे. जो सीमेवर आहे त्याला घर पाहायचं असतं, समारंभ नाही. मागे तारीख आणि नावं पेनानेच लिहा. तीस वर्षांनी तेच उपयोगी पडतं. हौस असेल तर टपाल खात्याच्या ‘माय स्टॅम्प’ योजनेत आपल्या फोटोचं तिकीटही करून मिळतं.

एक मात्र कटाक्षाने पाळा. फोटोत युनिटचा फलक, गाडीचा नंबर, खांद्यावरचं फॉर्मेशन चिन्ह दिसता कामा नये. पत्त्यात ठिकाणाचं नाव नको. नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि 56 किंवा 99 एपीओ, बस. आणि फील्डवर जायचं असेल तर कार्ड डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच पेटीत पडू द्या. बर्फात टपालाचं हेलिकॉप्टर कधी उडेल, हे हवामान ठरवतं.